खेळाची जमीन निस्तार पत्रकात लिहा

नवा जिल्हा झाला की पहिल्या चार-पाच वर्षांत कशाला कुठे जागा द्यायची ते ठरते आणि पुढची पन्नास वर्षे त्याच आखणीत जातात. छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौसर या तहसिली वेगळ्या काढून ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. आज तो नेमका याच टप्प्यावर आहे. कचेऱ्या, वसाहती, रस्ते यांच्या जागा मुक्रर होत आहेत. जामसांवलीला पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनासाठी मंगळवारी आणि शनिवारी विदर्भातून, महाकोशलातून माणसांची रीघ लागते. तिथल्या ‘हनुमान लोक’ या मंदिर-परिसर प्रकल्पाचे भूमिपूजन ऑगस्ट 2023 मध्येच झाले. सौसरच्या खडकातले मँगनीज तर कधीचेच मोजून झाले आहे. भूगर्भशास्त्रात इथल्या खडकांच्या समूहाला सौसरचेच नाव आहे. बोरगावला कारखान्यांसाठी जमीन निघाली, संत्र्याच्या बागांना कुंपणे पडली, नागपूरहून येणारे महामार्ग झाले. एवढ्या मोजणीत एक मोजणी मात्र कोणी केली नाही. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरच्या गोंड ढान्यांतली, म्हणजे पाड्यांतली, मुले खेळतात कुठे? 2011 च्या जनगणनेत तेव्हाच्या अखंड छिंदवाडा जिल्ह्यातल्या दर शंभर माणसांपैकी जवळपास 37 अनुसूचित जमातींची होती, आणि पांढुर्ण्याची विधानसभेची जागा याच समाजासाठी राखीव आहे. तेव्हा हा प्रश्न कोपऱ्यातल्या चार घरांचा नाही. आदिवासी मुलांच्या खेळासाठी सरकारला जे करायचे असेल ते गावच्या जमिनीपासून आणि त्या जमिनीवरच्या खेळांपासून सुरू व्हावे, हुशार खेळाडू हुडकण्यापासून नव्हे. जिल्हा मुख्यालयातल्या स्टेडियमचा नकाशा मंजूर होण्याआधी प्रत्येक ढान्याची खेळाची जागा सरकारी दप्तरात नोंदली जावी, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

आजवरच्या योजनांची दिशा याच्या उलट आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने 1980 च्या दशकात ‘स्पेशल एरिया गेम्स’ ही योजना आणली. आदिवासी, डोंगरी आणि किनारी भागांत अंगभूत गुण असलेली मुले शोधायची आणि त्यांना आधुनिक खेळांत घडवायचे, हा तिचा हेतू. ती वाया गेली असे कोणी म्हणू नये. उदयपूरकडच्या आदिवासी गावातून आलेले लिंबाराम याच वाटेने तिरंदाजीत आले, तीन ऑलिंपिक खेळले आणि 1992 मध्ये बीजिंगच्या आशियाई तिरंदाजी स्पर्धेत त्यांनी विश्वविक्रमाशी बरोबरी केली. महाराष्ट्रात सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. तेलंगणात निवासी शाळेतली मालावत पूर्णा 25 मे 2014 रोजी एव्हरेस्टवर पोहोचली तेव्हा ती चौदा वर्षांचीही नव्हती. चार वर्षांनी महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून चंद्रपूरच्या आश्रमशाळांतल्या पाच विद्यार्थ्यांनी तेच शिखर गाठले. या प्रत्येक बातमीने ऊर भरून यावा. पण या यशाची मुळे तपासली की दिसते, की प्रशिक्षकाच्या हाती हे मूल आले तेव्हा त्याच्या पायांत दम, डोळ्यांत नेम आणि हातांत पकड आधीच होती. ती कोणत्याही योजनेने दिली नव्हती. डोंगरातल्या वाटा, झाडे, नाले, रानातला बांबू यांनी दिली होती. योजना आली ती कापणीला. पेरणी दुसऱ्याच कोणीतरी केली होती. आणि ज्या रानात पेरणी झाली ते रान आज मुलांच्या हातून सुटत चालले आहे, याकडे कापणी करणाऱ्यांचे लक्ष नाही. एव्हरेस्टवर पाच मुले जातात त्या वर्षीही आश्रमशाळांत लाखो मुले असतात, आणि त्यातल्या बहुतेकांना संध्याकाळी शाळेच्या इमारतींमधल्या पट्ट्यापलीकडे पळायला जागा नसते.

ही पेरणी कशी होत होती ते नीट पाहिले पाहिजे, कारण ‘पारंपरिक खेळ’ म्हटले की स्नेहसंमेलनातला एखादा नाच डोळ्यांपुढे येतो आणि विषय संपतो. मध्य भारताच्या गोंड पट्ट्यात गेडी चालते ती वर्षभर नाही. आपल्या पंचांगातल्या आषाढी अवसेला, जिला उत्तरेकडे हरियाली आणि छत्तीसगढात हरेली म्हणतात, बांबू आणून गेडी बांधली जाते आणि पोळ्यापर्यंत मुले तिच्यावर असतात. दोन बांबू, त्यांना जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर बांधलेले पाय ठेवायचे आडवे तुकडे, घट्ट आवळलेली दोरी, एवढेच साहित्य. छत्तीसगढात त्या सांध्यावर रॉकेल टाकतात, म्हणजे चालताना दोरी करकरते आणि कोण येतो आहे ते गल्लीला आधी कळते. हा महिना चिखलाचा. पाय कोरडे ठेवून चिखल तुडवायचा तर तोल हवा, पोटऱ्यांत ताकद हवी आणि पुढचे पाऊल कुठे रुतेल याचा अंदाज हवा. आठ वर्षांचे मूल चार आठवड्यांत हे सगळे शिकते, कोणी शिकवत नाही तरी. शिवाय त्याला बांबू ओळखावा लागतो, कोवळा कोणता, पक्का कोणता, पेर कुठे ठेवायचे. सूरपारंब्यांत तर अख्खे झाड हेच मैदान असते. शेवग्याची फांदी कडकन मोडते, चिंचेची वाकते पण धरते, वडाच्या पारंब्यांपैकी कोणती वजन पेलेल ते हाताने ओढून पाहावे लागते. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही, आणि चुकले तर ताबडतोब कळते. फाल्गुनात होळीनंतर छिंदवाडा-बैतूलच्या गोंड गावांत मेघनाथाची जत्रा भरते. उंच खांबावर चढणे, वरच्या फिरत्या आडव्या लाकडाला स्वतःला बांधून घेणे हा तिथे नवसाचा भाग आहे, प्रौढांचा आहे. पण खांब कसा निवडायचा, कसा रोवायचा, त्यावर चढणाऱ्याचा जीव कोणाच्या हाती आहे हे सगळे पोरेटोरे खाली उभे राहून शिकत असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहफुले वेचायला गेलेली मुले टोपली भरेपर्यंत काम करतात आणि मग त्याच झाडाखाली खेळ मांडतात. ऋतू, काम आणि खेळ यांची सांगड इथे कोणी घातलेली नाही, ती मुळातच एक आहे. खेळातून त्या मुलाला आपल्या गावाची शीव, पाणी, झाडे आणि माणसे माहीत होतात. ट्रॅकसूट देऊन जिल्हा केंद्रावर नेलेल्या मुलाला यातले काही मिळत नाही, आणि ते परत आले तर गावालाही त्याच्याकडून फारसे मिळत नाही.

मग हे थांबले कशाने? एकच कारण दाखवता येत नाही. मूल सहाव्या-सातव्या वर्षी आश्रमशाळेत किंवा छात्रावासात गेले की घंटेवर जगू लागते. पावसाळ्याचा तो एक महिना, जो गेडीचा महिना आहे, तो शाळेच्या वर्षातला अगदी भरीचा काळ असतो, आणि मूल घरापासून दूर असते. गावात उरलेल्या मुलांसाठी चराईच्या जमिनी आक्रसल्या आहेत, नाल्याकाठची झाडे बागाईतात गेली आहेत. शाळेत शारीरिक शिक्षण आहे का, तर कायद्यातच त्याची सोय अपुरी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे, हे चांगले. पण आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीच्या वर्गांना, आणि तोही पटसंख्या शंभरावर असेल तरच. डोंगरातल्या ढान्याची शाळा शंभराला कुठून पोहोचणार? म्हणजे जिथे मैदानी खेळाची परंपरा सर्वांत भक्कम तिथेच खेळाचा शिक्षक कायद्याने नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी 2016 सालची आकडेवारी मांडून दाखवले होते की जगातल्या 11 ते 17 वयाच्या शाळकरी मुलांपैकी 81 टक्के पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरेशी म्हणजे दिवसाला तासभर. हा शहरी आजार आहे, आदिवासी मूल तर दिवसभर रानात असते, ही समजूत आता टाकून द्यायला हवी. वसतिगृहात राहणारे, मोबाइल हाती आलेले, कुंपणांच्या मधून शाळेत जाणारे मूल रानात नसते. ‘ही मुले जन्मतःच काटक’ या कौतुकामागे एक सोयीस्कर बेफिकिरी लपलेली असते: जे जन्मतःच आहे त्यासाठी काही करावे लागत नाही.

जमिनीचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही, कारण मध्य प्रदेशाच्या कायद्यात त्याला जागा आहे. 1959 च्या भू-राजस्व संहितेच्या कलम 237 प्रमाणे कलेक्टर गावातली पडीक सरकारी जमीन निस्तारासाठी, म्हणजे गावाच्या सामाईक वापरासाठी, राखून ठेवू शकतो. त्या यादीत जळाऊ लाकूड, चराई, स्मशान, खळे, बाजार यांच्याबरोबर शाळा आणि क्रीडांगणे हेही शब्द आहेत. निस्तार पत्रक हे गावचे दप्तर आहे. त्यात जी जागा लिहिली ती उद्या कोणाला पट्ट्यावर देताना अधिकाऱ्याला दहा वेळा विचार करावा लागतो. जी लिहिली नाही ती ‘रिकामी’ ठरते. पांढुर्णा तहसिलीतले अनेक पटवारी हलके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतात, त्यामुळे तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे, आणि मध्य प्रदेशाने त्याचे नियम नोव्हेंबर 2022 मध्ये लागू केले आहेत. आपल्या परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामुदायिक साधनसंपत्ती जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे हा कायदा स्पष्ट म्हणतो. सौसरच्या बाजूला पेसा बहुतांशी नाही, तिथे कलम 237 चाच आधार घ्यावा लागेल. वनजमिनीवर मात्र एक खरी उणीव आहे. 2006 च्या वनाधिकार कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंत वनजमीन ज्या कामांसाठी देता येते, त्यांची यादी तेरा बाबींची आहे. शाळा आहे, दवाखाना आहे, अंगणवाडी, रेशन दुकान, रस्ता, विजेची तार, समाजमंदिरसुद्धा आहे. मैदान नाही. हा कायदा लिहिताना आदिवासींच्या बाजूने मनापासून झटणारी माणसे होती, तरीही मुलांचा खेळ कोणाच्या ध्यानात आला नाही. ही चौदावी बाब घालायला संसदेत कोणाचा विरोध होईल असे वाटत नाही. ती मागणारे कोणीतरी हवे, आणि पांढुर्ण्याच्या राखीव जागेवरून निवडून जाणाऱ्या प्रतिनिधीने ती भोपाळमार्फत दिल्लीपर्यंत नेण्यात काही वावगे नाही. तोवरही वाट थांबत नाही. सूरपारंब्यांना झाड तोडावे लागत नाही, उलट झाड टिकावे लागते. वनात प्रथेने चालत आलेल्या सामुदायिक वापराला हाच कायदा मान्यता देतो. त्या दाव्यात खेळाची जागा नोंदवणे ग्रामसभेच्या हाती आहे.

जमीन राखली तरी खेळ आपोआप परत येत नाहीत, त्यांना हात द्यावा लागतो. कसा द्यायचा, याचा आपल्याच भाषेतला एक थोर अनुभव इथून फार दूर नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये वैद्य बंधूंनी उभे केले, आणि 1936 मध्ये त्याचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून आले. त्याच पिढीने पुण्या-बडोद्याकडे हुतूतू आणि खो-खो यांना नियम दिले, मैदानांची मापे ठरवली, पंच तयार केले. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, त्याची सुरुवात या मराठी माणसांच्या वहीत आहे. आपल्या गावच्या खेळाला मान असतो हे ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले, त्यांच्या वारसांना गोंडांची गेडी ‘करमणूक’ वाटावी हे बरे नाही. छत्तीसगढने हा प्रयोग अलीकडेच करून पाहिला. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथल्या सरकारने ‘छत्तीसगढिया ओलिंपिक’ सुरू केले: गेडी, पिट्ठुल, भोवरा, बांटी, फुगडी यांसह चौदा खेळ, गावपातळीपासून राज्यापर्यंत, वयाची अट नाही. साडी नेसून कबड्डी खेळणाऱ्या बायका देशभर पाहिल्या गेल्या. पुढच्याच वर्षी सरकार बदलले आणि तो उपक्रम मागे पडला. 2024 मध्ये नव्या सरकारने बस्तर ओलिंपिक भरवले, त्याची मांडणी आणि हेतू निराळे. एका सरकारचा उत्सव दुसऱ्या सरकारच्या काळात टिकत नाही, हा यातला धडा. उत्सवाचा मालक मुख्यमंत्री असेल तर खेळाचे आयुष्य निवडणुकीएवढे. मालक ग्रामसभा असेल तर गोष्ट वेगळी.

उत्तर ध्रुवाकडच्या लोकांनी हे अधिक शहाणपणाने केले आहे. कॅनडातल्या यलोनाइफला 1970 मध्ये आर्क्टिक हिवाळी क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. त्यात हॉकी, स्कीइंग यांच्या जोडीने इनुइट आणि देने लोकांचे स्वतःचे खेळ आहेत: एका पायावर उडी घेऊन टांगलेल्या वस्तूला लाथ मारायची, बर्फावरून काठी लांबवर सरकवायची. शिकारीला लागणारे अंग आणि लांबलचक थंडीत घरात कोंडून राहताना टिकवायचा उत्साह यांतून ते आले. तिथे या खेळांना दुय्यम मंडप नाही, पदक तेच आहे. याच देशाने आदिवासी मुलांना घरापासून तोडून वसतिशाळांत घातले होते. त्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या आयोगाने 2015 मध्ये दिलेल्या 94 शिफारशींपैकी पाच केवळ खेळांविषयी आहेत. जखमा एवढ्या खोल असताना आयोगाने खेळाला पाच शिफारशी द्याव्यात याचे नवल वाटू शकते. पण ज्यांनी त्या शाळांत बालपण घालवले होते, त्यांच्या जबान्या ऐकूनच तो आयोग तिथवर आला होता. आपल्या आश्रमशाळा त्या हेतूने निघालेल्या नाहीत, त्यांनी शिक्षणाचे दार उघडले हे सत्य आहे. तरीही मुलाला गावच्या मातीपासून दहा महिने दूर ठेवण्याची किंमत त्यांनी अजून हिशेबात धरलेली नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो आणि तो फेटाळण्याजोगा नाही. मुलाच्या पोटात नाही तिथे खेळ कसला? शिक्षक नाहीत, दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि तुम्ही बांबूच्या काठ्यांचे घेऊन बसलात. खरे आहे की अन्न आणि औषध आधी. पण मैदान नोंदवायला अन्नाच्या तरतुदीतला एक रुपयाही लागत नाही, पटवाऱ्याची लेखणी लागते. आणि जी जागा आज गेली ती पोषण सुधारल्यावर परत मिळत नाही. जमिनीचा निर्णय म्हणूनच थांबू शकत नाही. याच आक्षेपाच्या पोटात एक दुसरा, अधिक गंभीर मुद्दा आहे, आणि उत्साही योजनाकार तो नेहमी विसरतात. या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. 1 जुलै 2023 रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून सुरू झाले. सिकलसेल असलेल्या मुलाला अतिश्रम, पाणी कमी पडणे, थंडीत भिजणे यांनी वेदनांचा झटका येऊ शकतो. ज्याच्यात फक्त वाहक गुण आहे तोही एरवी निरोगी असला तरी कडक उन्हात सवय नसताना दमछाक होईपर्यंत पळवला तर धोक्यात येऊ शकतो. जानेवारीतल्या एका दिवशी ट्रकभर मुले तालुक्याला नेऊन त्यांना जिंकण्यासाठी जीव तोडून पळवणे, ही क्रीडामेळाव्याची आपली रीत या मुलांसाठी म्हणूनच घातक आहे. गावात रोज थोडे खेळणारे, दमले की झाडाखाली बसणारे, घरचे पाणी पिणारे मूल अधिक सुरक्षित असते. प्रत्येक मुलाची तपासणी व्हावी, ज्याला आजार आहे त्याच्या घरच्यांशी डॉक्टरने बोलावे, आणि खेळ घेणाऱ्याला लक्षणे ओळखता यावीत; या तीन गोष्टींशिवाय कोणताही कार्यक्रम सुरूच करू नये.

दुसरा आक्षेप आई-बापांचा आहे, आणि तो सर्वांत जास्त आदराने ऐकला पाहिजे. गेडीने नोकरी लागत नाही. कबड्डी, ॲथलेटिक्स, हॉकी यांत राज्यपातळीवर गेले तर पोलिसात, रेल्वेत, सैन्यात दार उघडते. ज्या घरात कापूस वेचणीच्या मजुरीवर वर्ष निघते, त्या घराने हे बोलावे यात काही चूक नाही. पण गावच्या मैदानाने हे दार बंद होत नाही. 1928 च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार जयपालसिंह मुंडा आदिवासी होते. आज झारखंड आणि ओडिशाच्या ज्या पट्ट्यातून हॉकीपटू निघतात, तिथे बोकड बक्षीस लावून गावोगाव हॉकीचे सामने होतात. गावोगावची ती मैदाने नसती तर निवड समितीला निवडायला मुले मिळाली नसती. शिवाय सगळ्यांना नोकरी मिळणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. निवडल्या जाणाऱ्या एकामागे न निवडली जाणारी नव्व्याण्णव मुले असतात, आणि त्यांच्यासाठी खेळ म्हणजे नाकारले जाण्याचा पहिला अनुभव ठरतो. त्यांना काय द्यायचे याचे उत्तर गुणवत्ता शोधणाऱ्या योजनेकडे नाही.

तिसरा आक्षेप सुशिक्षित मंडळींचा: मुलांना झाडावर चढवून, गेडीवर उभे करून त्यांना पुन्हा रानातच ठेवायचे आहे का? ते डॉक्टर, इंजिनीअर होऊ नयेत का? आपल्या मुलांना मात्र हीच मंडळी पैसे भरून ॲडव्हेंचर कॅम्पला पाठवतात, दोरीवर लटकवतात आणि त्याने आत्मविश्वास वाढतो असे सांगतात. जे शहरी मुलासाठी व्यक्तिमत्त्व विकास आहे ते गोंड मुलासाठी मागासलेपण कसे? धोक्याविषयीही हेच. झाडावरून पडतील, साप चावेल, पेंचच्या बाजूला वाघ-बिबट्या आहे. या भीती खऱ्या आहेत, म्हणून वेळ, जागा आणि सोबत ठरवून घ्यावी लागेल. संध्याकाळनंतर नाही, नाल्याला पूर असताना नाही, मोठे माणूस जवळ असल्याशिवाय नाही. पण ढान्यातल्या माणसांना हे सांगावे लागत नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या हेच पाळतात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संशोधन-आढाव्यात बाहेरच्या, थोडा धोका असलेल्या खेळाने मुलांच्या आरोग्याला एकूण फायदाच होतो असे दिसले. धोका पारखायला शिकवण्याचा दुसरा मार्ग नाही.

वरून लादलेल्या बदलाचे काय होते, हे पांढुर्ण्याइतके कोणाला ठाऊक असणार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. गोटमारीत माणसे मेली आहेत, डोळे गेले आहेत, दर वर्षी शेकडो जखमी होतात. तिचे समर्थन करता येणार नाही. प्रशासनाने दगडांच्या जागी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते कोणी हाती धरले नाहीत. नदी, झाड, तिथी आणि दोन गावांचा मान यांत गुंतलेली गोष्ट साहित्य बदलून बदलत नाही. आदिवासी खेळांचा कार्यक्रम भोपाळहून छापील पुस्तिकेने आला तर त्याचीही गत रबरी चेंडूंचीच होईल. कोणता खेळ, कधी, कोणत्या जागी, मुलींचा कोणता आणि मुलांचा कोणता, की दोघांचा एकत्र, हे ढान्यातल्या जाणत्या बाया-माणसांनी ठरवावे. मुलींचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण पाणी, धाकटी भावंडे आणि कापूस यांत त्यांचा खेळ सर्वांत आधी संपतो, आणि सार्वजनिक मैदान झाले की ते मुलग्यांचे होऊन बसते. मैदानाच्या वेळा ठरवतानाच मुलींचे दिवस वेगळे लिहून ठेवावेत.

जामसांवलीकडे येणारा पैसा आणि रस्ता यांचा इथे उपयोग करता येईल, एका अटीवर. मारुती बलोपासनेचे दैवत आहे आणि मराठी मुलखात आखाड्याची सुरुवात त्याच्यापासून होते, त्यामुळे देवस्थानाच्या परिसरात मोठे मोकळे मैदान असावे, तिथे वर्षातून एकदा दोन्ही तहसिलींतल्या गावांनी जमावे, हे शोभेल. पण गोंडांची दैवते आणि त्यांचे सण त्यांचे आहेत. बडादेवाला मानणाऱ्या मुलांचा खेळ मंदिराच्या छत्राखाली, मंदिराच्या नावाने भरवला तर तो त्यांचा राहणार नाही. जागा, पाणी, प्रसाधनगृहे देवस्थानाने द्यावीत, फलक ग्रामसभांचा असावा. खर्चही फार नाही. गेडी बांधायला शिकवणाऱ्या, खांब रोवणाऱ्या, झाड पारखणाऱ्या गावातल्या एका जाणत्या माणसाला आणि एका बाईला शाळेच्या वर्षातले काही तास मानधन द्यावे, आदिवासी छात्रावासातल्या मुलांना आषाढी अवस ते पोळा या महिन्यात दर शनिवारी आपल्या किंवा जवळच्या गावच्या मैदानावर सोडावे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने स्थानिक खेळांना शिकवण्यात जागा दिलीच आहे; मुख्याध्यापकाला त्यासाठी वेगळ्या आदेशाची गरज नाही. यादी करण्याचे काम तर याच वर्षी होऊ शकते. प्रत्येक हलक्याच्या पटवाऱ्याने कोटवाराला आणि गावच्या मुलांना बरोबर घेऊन शिवारात फिरावे, मुले जिथे खेळतात त्या जागा नकाशावर घ्याव्यात, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्या वाचून दाखवाव्यात आणि हरकती ऐकून 26 जानेवारीपर्यंत निस्तार पत्रकात नोंदीचा प्रस्ताव कलेक्टरकडे पाठवावा.